छत नसलेली खाण

तुमसरात कुठल्याही राइस मिलच्या मागे जा, धानाच्या भुशाचा ढीग असतोच. तो कोणी मुद्दाम रचत नाही, तांदूळ काढता काढता आपोआप साचतो. आमच्या मंडळीचे किस्सेही असेच साचलेत. आम्ही बसायचो जहाजं बांधायला. जहाजं गेली, बसणं गेलं, उरले ते किस्से. लग्नात, मौतीत, बसस्टँडवर कुठंही दोघं भेटलो की एकजण म्हणणारच, "तो 'उडवा हे' आठवते काय बे?" आणि मग तासभर गेलाच म्हणून समजा!

जहाजं म्हणजे कॉम्प्युटरमधली. माझा तुमसरात कॉम्प्युटर क्लास होता. सहा मशीन आणि एक कुरकुरणारा इन्व्हर्टर. टायपिंगची बॅच सुटली की संध्याकाळी सहाला आम्ही चौघं बसायचो. एक मी, ठवकर सर. दुसरा राजू पडोळे, राइस मिलमध्ये मेकॅनिक, हाताला कायम ग्रीस. माझ्या की-बोर्डांवर काळे ठसे त्याचेच. तिसरे बांते, त्यांचं आंधळगावला कृषी केंद्र. चौथे रामटेके भाऊ. त्यांचं सांगतोच.

गेम अवकाशातला. जगभरचे लोक त्यात लढायचे, एकमेकांना उडवायचे. आम्ही मात्र कारखाना चालवायचो! तरंगणारे खडक फोडायचे, धातू गाळायचा, जहाजाचा नकाशा मिळवायचा, त्यावर रिसर्च करून तो पक्का करायचा आणि मग जहाज बांधायला टाकायचं. हे सगळं खऱ्या दिवसांत चालायचं. पंधरा दिवसांचं काम म्हणजे कॅलेंडरवरचे पंधरा दिवस, मशीन बंद असो की चालू. आणि जहाज फुटलं की कायमचं गेलं. माझी बायको म्हणायची, "एवढं लक्ष घरात घातलं असतं तं स्लॅब पडला असता."

* * *

रामटेके भाऊ चिखल्याच्या मँगनीज खाणीत कामाला होते. जमिनीच्या खाली. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं सडपातळ, गालात चोवीस तास तंबाखू-सुपारीचा खर्रा. पहिल्यांदा आले ते मुलीचा नर्सिंगचा फॉर्म भरायला.

मी विचारलं, "भाऊ, तुमचं मूळ गाव कोणत्या जिल्ह्यात?"

"जन्मलो तवा भंडारा होता. आता गोंदिया आहे," ते म्हणाले. "गाव तिथंच आहे सर. जिल्हा निघून गेला!"

फॉर्म भरून झाला तरी भाऊ जाईनात. शेजारच्या मशीनवर राजू खडक फोडत होता, त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. दहा मिनिटं स्क्रीनवरून नजर हलवली नाही.

"हे काय करून राहिला?"

"खाण खोदून राहिलो भाऊ. अवकाशात."

"मंग छताले टेकू कुठं आहे?"

राजू हसला. "अवकाशात छत नसते भाऊ."

"छतच नाही?"

"नाही."

"म्हणजे वरून काहीच पडत नाही?"

"काय पडन? वर काही नाहीच."

भाऊंनी खुर्ची ओढली, चप्पल काढून ठेवली आणि बसले. म्हणाले, "मले शिकव."

* * *

महिन्याभरात आमचा फोरमन कोण, हे ठरवावं लागलं नाही. भाऊंचं एकच सूत्र होतं: आधी रिसर्च, मग मॅन्युफॅक्चर. कच्च्या नकाशावर बांधलं तर माल वाया जातो, दिवस जास्त लागतात. पक्का नकाशा कितीही वेळा वापरा. राजूला हे पटायचं, पण थांबवायचं नाही. रिसर्चचे वीस दिवस म्हणजे त्याला वीस वर्षं!

एकदा त्यानं गुपचूप कच्च्या नकाशावर लढाऊ जहाज टाकलं. तयार झाल्यावर आम्हा सगळ्यांना उभं करून दाखवलं, बाहेर काढलं आणि चौथ्या मिनिटाला एका रशियन माणसानं फोडलं.

बांते म्हणाले, "राजू, तू एकही गोळी नाही मारली बे?"

राजू ग्रीसचे हात पँटीला पुसत राहिला. मग म्हणाला, "बंदूक लावाची राहून गेली."

भाऊ शांतपणे म्हणाले, "मिलमध्ये मोटर बसवतोस तवा पट्टा लावतोस ना रे?"

त्या रशियन माणसानं नंतर एक हसरं तोंड पाठवलं होतं. राजू आजही त्याचं नाव घेऊन शिव्या देतो.

* * *

बिल्ल्याचा किस्सा मात्र हसण्याचा नाही.

उन्हाळ्यातला रविवार होता. बांत्यांचं जहाज बाहेर खडकांमध्ये, मालानं भरलेलं. तेवढ्यात लाइट गेली आणि पाचच मिनिटांत इन्व्हर्टरनंही मान टाकली. लोडशेडिंग, दुसरं काय! आम्ही म्हटलं चला, चहा पिऊन येऊ. भाऊ तेवढ्यात पानठेल्यावर गेले होते. परत आले तर खोलीत कोणी नाही. लाइट आली तेव्हा बांत्यांचं जहाज फुटलेलं.

बांत्यांना फारसं वाईट वाटलं नाही. संतापले ते भाऊ. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"माणूस खाली असताना चहा प्यायले गेले तुम्ही?"

राजू म्हणाला, "भाऊ, बांते आमच्यासंगच होते ना! चहा त्यांनीच पाजला!"

"त्याचं जहाज खाली होतं. म्हणजे तो खालीच होता."

दुसऱ्या दिवशी भाऊ एक फळी घेऊन आले. फळीला चार खिळे. तिघांसाठी पत्र्याचे गोल बिल्ले कापून त्यावर खिळ्यानं नंबर ठोकलेले. स्वतःसाठी खाणीतला जुना, बाद झालेला पितळी बिल्ला, नंबर सदतीस. खाणीत उतरताना बिल्ला फळीवर लावायचा, वर आल्यावर काढायचा. लटकलेला बिल्ला म्हणजे माणूस अजून खाली. आमच्यासाठी कायदे तीन: जहाज बाहेर काढलं की बिल्ला लावायचा. परत स्टेशनात आणलं की ज्याचा त्यानं काढायचा. आणि एकही बिल्ला लटकत असेल तर कोणी घरी जायचं नाही.

आम्ही हसलो. पण फळी भिंतीला ठोकली, मीच ठोकली.

पुढे एकदा राजूला लग्नाच्या वरातीत जायचं होतं आणि बांत्यांचं जहाज अजून वाटेत होतं. राजूनं बांत्यांचा बिल्ला स्वतःच काढून टेबलावर ठेवला. "आलेच समजा!" भाऊंनी ते पाहिलं.

"दुसऱ्याचा बिल्ला काढला तू? कोण वर आलं अन् कोण नाही, हे तू ठरवशीन?"

"गेम आहे भाऊ!"

"एका खाणीत झालं होतं असं," भाऊ म्हणाले. "दोस्तानं दोस्ताचा बिल्ला काढला. तो वर आला असंन म्हणून."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. राजू वरातीत गेला नाही, बांत्यांचं जहाज येईपर्यंत बसून राहिला.

* * *

एकदा बाजाराच्या दिवशी भाऊंच्या घरच्या, वत्सलावहिनी, थेट क्लासमध्ये आल्या. हातात भाजीची थैली. "पाहू तं द्या, कोणती सवत आहे ते!"

आम्ही खुर्ची दिली. त्यांनी स्क्रीन पाहिली, नवऱ्याला खडक फोडताना पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "दिवसभर खाली तेच, अन् इथं येऊन बी तेच? बाप्पा, यायले दुसरं काही येतच नाही का?"

भाऊ गालातल्या गालात हसत राहिले. मी फळी दाखवली, बिल्ल्याचा कायदा सांगितला. वहिनींनी थैली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आमच्या कॉलनीत शिफ्ट सुटल्याचा भोंगा वाजला की सगळ्या बाया दारात येतात. वळणावर आपला माणूस दिसला की म्हणाचं, 'आले वर.' नाव घेत नाही कोणी. 'आले वर' म्हणाचं अन् चहा ठेवाचा. तीस वर्ष झाले, रोज."

"आणि खाली कसं असतं, सांगतात का भाऊ?" बांत्यांनी विचारलं.

"इचारू इचारू थकली मी. एकच सांगतात, अंधार असते. अन् आम्हाले कोण नेते खाली? बाईले उतरू देत नाहीत."

भाऊ स्क्रीनकडे बघत म्हणाले, "अंधारच असते वो. आणखी काय सांगू?"

"पाहा!" वहिनी म्हणाल्या आणि थैलीतल्या काकड्या आम्हाला वाटल्या.

* * *

आता तो "उडवा हे".

भाऊ आमचे फोरमन, म्हणून हुकूम तेच द्यायचे. पण गालात खर्रा! अर्धे शब्द गालातच राहायचे. त्या दिवशी दोन खडक होते, उजवीकडचा चांगला. बांत्यांचं जहाज डावीकडे माल भरत होतं आणि राजूच्या जहाजाला, झाल्या प्रकारानंतर, चार-चार बंदुका लावलेल्या.

भाऊ ओरडले, "उजवा घे!"

राजूला ऐकू आलं, "उडवा हे!"

राजू हुकमाचा ताबेदार. त्यानं चारही बंदुका बांत्यांवर सोडल्या. बांते खुर्चीतून उठून ओरडताहेत, "अबे मी हो! मी हो!" आणि राजू, "भाऊंनी सांगितलं, मले काही माहीत नाही!" अर्ध्या मिनिटात बांत्यांच्या जहाजाचा भुगा!

महिनाभर आम्ही हसलो. कोणी चहा मागितला तरी "उडवा हे!" आंधळगावच्या दुकानात बांत्यांना गिऱ्हाइकं विचारायची, कायले हसून राहिले एकटेच?

पण त्यानंतरही भाऊंचे शब्द तसेच येत राहिले. एका संध्याकाळी दोनदा विचारूनही मला समजलं नाही, तेव्हा मीच वैतागून म्हटलं, "भाऊ, आधी खर्रा थुंका, मग बोला."

भाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, "थुंकला ना सर. सकाळीच."

त्यांनी तोंड उघडून दाखवलं. गालात काही नव्हतं. म्हणजे खर्रा नव्हता. पांढरा चट्टा होता आणि तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं.

आठ दिवसांनी नागपूरला नेलं. उजवीकडचा जबडा काढावा लागला. महिनाभर आम्ही कशावर हसत होतो, ते तेव्हा कळलं. मला अजूनही त्या हसण्याची लाज वाटते.

* * *

भाऊ परत आले ते गळ्याभोवती मफलर आणि हातात पाटी घेऊन. शाळेतली असते तशीच, लाकडी चौकटीची. बोलता येत नव्हतं. आल्या आल्या फळीकडे पाहिलं, चारही खिळे मोकळे आहेत याची खात्री केली आणि पाटीवर लिहिलं, "मोठं जहाज बांधू."

मोठं जहाज म्हणजे माल वाहणारं, डोंगराएवढं. त्याचा नकाशा आम्ही कधीचा मिळवून ठेवला होता, पण कच्चा. मी हिशोब मांडला. सरळ बांधायला टाकलं तर पंचेचाळीस दिवस. आधी रिसर्च केला तर रिसर्चचे चाळीस आणि मग बांधायचे तीस, एकूण सत्तर.

नागपूरच्या डॉक्टरांनी वहिनींना काय सांगितलं होतं, ते आम्हाला माहीत होतं. भाऊंनाही माहीत होतं. त्यांना ते जहाज चालवायचं होतं, स्वतः बाहेर काढायचं होतं. म्हणून आम्ही तिघांनी आधीच ठरवलं होतं, पंचेचाळीस.

भाऊंनी लिहिलं, "आधी रिसर्च."

बांते म्हणाले, "भाऊ, या वेळेस राहू द्या. थोडा माल वाया गेला तं गेला."

भाऊंनी "आधी रिसर्च"खाली रेघ ओढली.

राजू ताडकन उठला.  "भाऊ, तुमच्यापाशी टाइम नाही! समजून काहून नाही घेत तुम्ही?"

 आम्ही कोणी जे बोललो नसतो ते राजू बोलून बसला होता. भाऊंनी पाटी पुसली, हळूहळू, चारही कोपरे. मग एक शब्द लिहिला आणि राजूपुढे धरला.

"म्हणूनच."

राजूला कळलं नाही. मग भाऊंनी खाली लिहिलं, "जहाज फुटते. नकाशा तुमच्यापाशी राहीन. पक्का पाहिजे."

राजू बाहेर जाऊन जिन्यात बसला. रिसर्चचं बटण मी दाबायला गेलो तर भाऊंनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः दाबलं.

* * *

चाळीस दिवस भाऊ टिकले. एक्केचाळिसाव्या दिवशी वहिनी त्यांना काळीपिवळीनं घेऊन आल्या. दोन जिने चढायला पंधरा मिनिटं लागली. भाऊंनी पक्का नकाशा उघडून पाहिला, मान हलवली, जहाज बांधायला टाकलं. तीस दिवस. मग उठून सदतीस नंबरचा बिल्ला फळीवर लावला.

मी म्हटलं, "भाऊ, जहाज अजून बनायचं आहे. तुम्ही कुठे खाली उतरले?"

त्यांनी लिहिलं, "उतरलो. जहाज फिरून परत आलं की मीच काढीन."

अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला.

आम्ही तिघं चिखल्याला गेलो. कॉलनीत माणसांना उभं राहायला जागा नव्हती. बुद्धवंदना झाली. तिथं सगळे एकमेकांना ओळखणारे, आम्हीच परके. एका म्हाताऱ्या खाणकामगारानं आम्हाला आपादमस्तक पाहिलं. "तुम्ही कोण जी?"

बांते म्हणाले, "आम्ही रामटेके भाऊंच्या खाणीतले."

"तुमाले कधी पाह्यलं नाही. कोणती शिफ्ट?"

राजू म्हणाला, "संध्याकाळची."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि आम्हाला पुढे जायला वाट करून दिली.

त्या संध्याकाळी क्लास बंद करायची वेळ झाली तरी राजू उठेना. फळीकडे बोट दाखवून म्हणाला, "बिल्ला लटकून आहे सर. इतके दिवस भाऊ येऊन काढतीन म्हणून गेलो, आता घरी कसं जाचं?"

मी त्याला शेवटी दंडाला धरून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशीही तेच. भाऊंचा कायदा आम्ही रोज संध्याकाळी मोडत होतो. बिल्ला काढून आत ठेवावा, असं मात्र कोणी म्हटलं नाही.

* * *

तीस दिवस पूर्ण झाले तो रविवार होता. जहाज तयार झालं तरी कारखान्यातून आपोआप येत नाही. "डिलिव्हर" असं बटण दाबावं लागतं, आणि ज्याच्या खात्यावर काम टाकलं त्यानंच. भाऊंचा पासवर्ड आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. आम्ही तिघं दुपारी एकमेकांची तोंडं बघत बसलो होतो.

दोनच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. वत्सलावहिनी. छातीशी पाटी धरलेली, वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली.

"आज तारीख आहे ना?" त्या म्हणाल्या. "त्यायनं लिहून ठेवलं होतं. पुसू नको म्हणून हातानं खुणावलं."

पाटीवर पासवर्ड होता, खाली आजची तारीख आणि त्याखाली "वत्सला दाबेल".

त्या भाऊंच्या खुर्चीत बसल्या. एकेक अक्षर शोधून त्यांनी पासवर्ड टाकला. राजूनं बटण दाखवलं. "वैनी, हे दाबा."

त्यांनी दाबलं. स्टेशनाच्या आत ते जहाज आलं, स्क्रीनमध्ये मावेना एवढं. बांत्यांनी चष्मा काढून पुसला.

"आता बाहेर कसं काढाचं?"

राजूनं दाखवलं. जहाज हळूहळू सरकत दारातून बाहेर पडलं आणि समोर नुसता काळोख पसरला. कुठं कुठं बारीक ठिपके. वहिनी स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या.

"याले समोर लाइट नाही? त्यायच्या टोपीले होता."

"नाही वैनी."

त्या हात मांडीवर ठेवून पाहत राहिल्या. मग आमच्याकडे न वळता विचारलं, "खाली असंच असते काय?"

मी बांत्यांकडे पाहिलं. बांत्यांनी माझ्याकडे. आम्ही तिघांनीही आयुष्यात खाण आतून पाहिली नव्हती.

"हाव वैनी," राजू म्हणाला. "असंच असते."

"छत?"

"छत नाही वैनी. वरून काहीच पडत नाही."

वहिनींनी मान हलवली. "बरं. चला, आणा मंग याले परत."

राजूनं बटणावर बोट ठेवलं, दाबलं त्यांनीच. जहाज वळलं, दारातून आत आलं आणि आपल्या जागी थांबलं.

वहिनी उठल्या आणि फळीपाशी गेल्या. राजू वाटेतून बाजूला झाला. त्यांनी सदतीस नंबरचा बिल्ला खिळ्यावरून काढला, पदरानं पुसला, मुठीत घेतला.

"आले वर," त्या म्हणाल्या.